चेंडू येऊ देण्याचे शिक्षण : विरुद्ध क्षेत्रातील फटका आणि मुंबईची मैदाने

सारांश

बेसबॉलमधील फलंदाजाला आपल्या नैसर्गिक ओढीच्या विरुद्ध बाजूस चेंडू मारावयास शिकणे अवघड जाते. हे कौशल्य मनगटाच्या वा ताकदीच्या जोरावर येत नसून चेंडू किती उशिरा भेटवावा या निर्णयावर अवलंबून असते. क्रिकेटमध्ये याच कौशल्याला ‘उशिरा खेळणे’ असे म्हणतात. मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांत अनेक पिढ्यांनी हे कौशल्य प्रामुख्याने परिस्थितीकडून आत्मसात केले. प्रस्तुत लेखात या कौशल्याची यांत्रिकी, त्याचे अध्ययन आणि त्या अध्ययनाला पोषक ठरणाऱ्या अवकाशाचे प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : विरुद्ध क्षेत्र, उशिरा खेळणे, कारक अध्ययन, कांगा लीग, शिवाजी पार्क, मोकळी मैदाने.

प्रस्तावना

बेसबॉल व सॉफ्टबॉल हे खेळ आंतरविद्यापीठ स्पर्धांमुळे आपल्या महाविद्यालयांना परिचित आहेत. या खेळांकडे वळणारे आपले बहुतेक विद्यार्थी लहानपणापासून क्रिकेट खेळलेले असतात. साहजिकच दोन्ही खेळांतील फलंदाजीचे साम्य-भेद हा शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांसाठी केवळ कुतूहलाचा नव्हे, तर दैनंदिन कामाचा विषय ठरतो. बेसबॉलच्या प्रशिक्षणात एक प्रश्न सातत्याने उपस्थित होतो, तो म्हणजे फलंदाजाला ‘विरुद्ध क्षेत्रात’ मारावयास कसे शिकवावे. या प्रश्नाचा विचार करताना मुंबईच्या मैदानांचा अनुभव विशेष उपयुक्त ठरतो, कारण जे बेसबॉलच्या फलंदाजाला प्रौढपणी प्रयत्नपूर्वक शिकावे लागते, ते दादरच्या मैदानावरील मुलाच्या अंगी बारा-तेराव्या वर्षापासून मुरत असे.

विरुद्ध क्षेत्र म्हणजे काय?

उजव्या हाताने खेळणारा बेसबॉलपटू बॅट वेगाने फिरवतो तेव्हा चेंडू स्वाभाविकपणे त्याच्या डावीकडे, म्हणजे लेफ्ट फील्डकडे जातो. हे त्याचे ओढीचे क्षेत्र होय. राइट फील्ड हे त्याचे विरुद्ध क्षेत्र. डावखुऱ्या फलंदाजाच्या बाबतीत याच्या उलट घडते. क्रिकेटच्या परिभाषेत सांगावयाचे तर ओढीचे क्षेत्र म्हणजे लेग साइड आणि विरुद्ध क्षेत्र म्हणजे ऑफ साइड.

दोन्ही खेळांच्या संस्कारांत येथे एक लक्षणीय भेद दिसतो. बेसबॉलमध्ये ओढीचा फटका हा शक्तीचा फटका मानला जातो. विरुद्ध क्षेत्रातील फटका ही नंतर जोडावयाची विद्या असते. मुंबईच्या पारंपरिक क्रिकेट शिक्षणात मात्र सरळ बॅटने समोर व ऑफ साइडला खेळणे हा पहिला धडा होता. ऑफ यष्टीबाहेरचा चेंडू आडव्या बॅटने लेग साइडला ओढणाऱ्या मुलाला प्रशिक्षक तत्काळ रोखत. एका खेळात जे उत्तरार्धात शिकवले जाते, ते दुसऱ्या खेळात आरंभीच शिकवले जात असे.

या कौशल्याचे व्यावहारिक मूल्य बेसबॉलच्या इतिहासात वारंवार दिसून आले आहे. १९४६ साली क्लीव्हलँडचे खेळाडू-व्यवस्थापक लू बूड्रो यांनी टेड विल्यम्स या डावखुऱ्या फलंदाजासाठी बहुतेक क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या भागात उभे केले. डावा भाग जवळजवळ मोकळा असतानाही विल्यम्स यांनी आपली ओढीची पद्धत बहुतांशी सोडली नाही. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्लीव्हलँडविरुद्धच त्यांनी मोकळ्या डाव्या बाजूस मारलेल्या एका फटक्यावर होम रन झाला, बोस्टनने तो सामना १-० असा जिंकला आणि लीगचे विजेतेपद निश्चित केले. पुढे सॅन डिएगोचे डावखुरे फलंदाज टोनी ग्विन यांनी शॉर्टस्टॉप व तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षक यांच्यामधील फट हे आपले हक्काचे स्थान मानले. १९८२ ते २००१ या वीस हंगामांत त्यांनी ३१४१ हिट्स व .३३८ ही सरासरी नोंदवून आठ वेळा फलंदाजीचे विजेतेपद मिळवले. क्षेत्ररक्षण एका बाजूस लोटण्याची पद्धत पुढे इतकी वाढली की २०२३ च्या हंगामापासून मेजर लीग बेसबॉलला तिच्यावर नियमाने मर्यादा घालावी लागली. फलंदाजांना विरुद्ध दिशेस मारणे सहजासहजी जमत नव्हते, याचाच हा पुरावा म्हणता येईल.

वेळेचे गणित

बेसबॉलची बॅट गोल असते. क्रिकेटच्या बॅटप्रमाणे तिचे तोंड उघडता वा मिटता येत नाही. त्यामुळे चेंडू डावीकडे जाणार की उजवीकडे, हे आघाताच्या क्षणी बॅट कोणत्या कोनात आहे यावरून ठरते, आणि तो कोन ठरतो वेळेवरून. चेंडू शरीराच्या पुढे भेटला तर बॅट अधिक फिरलेली असते व चेंडू ओढीच्या क्षेत्रात जातो. चेंडू होम प्लेटवर आत येऊ दिला तर बॅट कमी फिरलेली असते व चेंडू विरुद्ध क्षेत्रात जातो.

या फरकाचे प्रमाण स्थूल हिशोबाने काढता येईल. आघाताच्या सुमारास बॅट सेकंदाला साधारण २००० अंश या गतीने फिरते असे धरले, तर एक शतांश सेकंदात ती २० अंश फिरते. आरसा जितका वळवावा त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. त्याच न्यायाने चेंडूची दिशा सुमारे ४० अंशांपर्यंत बदलू शकते. बेसबॉलचे वैध क्षेत्र ९० अंशांचे असते. म्हणजे जवळजवळ अर्धे मैदान एका शतांश सेकंदात सामावलेले आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या अवधीत सुमारे ३९ सेंटिमीटर पुढे येतो. ‘चेंडू आत येऊ द्या’ असे बेसबॉलचे प्रशिक्षक सांगतात, त्याचा प्रत्यक्ष अर्थ एवढ्या अंतराचा असतो.

क्रिकेटमध्ये फलंदाजाकडे दोन साधने असतात : एक वेळ आणि दुसरे बॅटचे तोंड. लेट कट या फटक्यात ही दोन्ही एकत्र येतात. चेंडू शरीराच्या रेषेपर्यंत, क्वचित यष्ट्यांपर्यंत येऊ द्यावयाचा आणि मग बॅट वरून हलकेच त्यावर आणून त्याच्याच वेगाने त्याला थर्ड मॅनकडे वळवावयाचे. या फटक्यासाठी मुंबईचे विजय मर्चंट (१९११-१९८७) विशेष ख्यातनाम होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील त्यांची ७१.६४ ही सरासरी दीर्घकाळ डॉन ब्रॅडमन यांच्या खालोखाल गणली गेली. लेट कटमध्ये शक्ती गोलंदाजाची असते आणि दिशा फलंदाजाची. विरुद्ध क्षेत्रातील फटक्याचे सूत्र याहून वेगळे नाही.

दृष्टी, निर्णय आणि विलंब

उशिरा खेळण्याचे महत्त्व मानसशास्त्रीय संशोधनानेही अधोरेखित केले आहे. पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळपट्टीवरील मॅटिंगखाली लाकडी काठ्या ठेवून चेंडूला अनपेक्षित वळण दिले होते. आघातापूर्वी सुमारे ०.२ सेकंदाच्या आत झालेल्या बदलाला अनुभवी फलंदाजही प्रतिसाद देऊ शकत नाहीत, असे त्यातून दिसले. २००० साली मायकेल लँड व मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. फलंदाज चेंडू अखंड पाहत नाही. हातातून सुटलेला चेंडू क्षणभर पाहून त्याची नजर टप्प्याच्या संभाव्य जागी आधीच जाऊन थांबते, आणि श्रेष्ठ फलंदाजाची नजर तेथे अधिक लवकर पोहोचते, असे त्यांना आढळले.

या दोन निष्कर्षांतून वरकरणी विसंगत वाटणारी, परंतु महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. चेंडू उशिरा खेळणारा फलंदाज मंद नसतो. त्याचे आकलन लवकर झालेले असते, म्हणूनच त्याला कृती उशिरा करणे परवडते. ज्याचे आकलन उशिरा होते, तो घाईने बॅट फिरवतो आणि त्याच्यासाठी ओढीचे एकच क्षेत्र शिल्लक राहते. बेसबॉलमध्ये पिचर वेगवान चेंडूच्याच हालचालीने संथ चेंडू टाकून या घाईचा लाभ घेतो. क्रिकेटमध्ये हेच काम ओली खेळपट्टी करते.

पावसाळ्यातील पाठशाळा

डॉ. होर्मसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळ्यातील स्पर्धा म्हणून ओळखली जाते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंग्याचे दडकर मैदान अशा ठिकाणी ओलसर खेळपट्ट्यांवर हे सामने खेळले गेले. ओल्या मातीत टप्पा पडलेला चेंडू थबकून येतो, कधी एकाएकी उसळतो, तर कधी खाली राहतो. टप्प्याच्या अंदाजावर विसंबून बॅट आधीच पुढे नेणाऱ्याचा झेल हमखास उडतो. टिकावयाचे असेल तर चेंडू टप्प्यानंतर काय करतो ते पाहून, शरीराजवळ, सैल हातांनी खेळावे लागते.

याच मैदानांवर बाह्य क्षेत्रातील गवत पावसाने वाढलेले असते. जमिनीलगत मारलेला उत्तम फटकाही गवतात अडकतो. त्यामुळे केवळ बचाव पुरेसा ठरत नाही. कोणता चेंडू थांबवावा आणि कोणता हवेतून मोकळ्या जागी न्यावा, याचा विवेक करावा लागतो. अशा प्रकारे एकाच स्पर्धेतून विलंब आणि दिशा या दोन्ही गोष्टींचे शिक्षण होत असे. या शिक्षणासाठी स्वतंत्र तास नव्हता. खेळपट्टी हीच शिक्षक होती आणि चूक होताच तंबूत परतणे ही तिची परीक्षापद्धती होती.

दादर युनियनसारख्या क्लबांनी या परिस्थितीजन्य शिक्षणाला शिस्तीची जोड दिली. माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर ही नावे या क्लबाशी निगडित आहेत. मुंबईच्या फलंदाजीला लावले जाणारे ‘खडूस’ हे विशेषण याच वृत्तीचे द्योतक आहे. विकेट सहजासहजी न देणे हा त्याचा रूढ अर्थ. तांत्रिक अर्थाने पाहिल्यास चेंडूकडे धावून न जाणे असाही तो घेता येईल. मार्च १९८७ मध्ये बंगळुरू येथे पाकिस्तानविरुद्ध, विलक्षण वळणाऱ्या खेळपट्टीवर गावसकर यांनी आपल्या अखेरच्या कसोटी डावात केलेल्या ९६ धावा हे शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू पाहून खेळण्याचे अभिजात उदाहरण आहे. भारत तो सामना १६ धावांनी हरला, तरी तंत्राच्या अभ्यासकांसाठी त्या डावाचे मोल कमी झालेले नाही.

वाडी, चाळ आणि गर्दीचे मैदान

मैदानापूर्वीचे शिक्षण घराच्या आसपास होत असे. गिरगावच्या वाड्यांत आणि लालबाग-परळच्या चाळींच्या पटांगणांत अंडरआर्म क्रिकेटचे नियम जागेनुसार ठरत. कोठे चेंडू थेट भिंतीवर वा गॅलरीत गेल्यास बाद, कोठे एक टप्पा पडून एका हाताने झेल घेतल्यास बाद, तर कोठे खिडकीची काच फुटली की त्या दिवसाचा खेळच समाप्त. चिंचोळ्या वाडीत आडवा फटका बाजूच्या भिंतीवर आदळतो. धाव मिळावयाची असेल तर चेंडू सरळ अथवा मागच्या बाजूस, जमिनीलगत आणि नेमक्या जोराने न्यावा लागतो. ‘ओढू नकोस’ असे कोणी सांगावे लागत नाही. वाडीची रुंदीच ते सांगते.

शिवाजी पार्कवरही जागेची टंचाई हीच शिक्षक ठरली. १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या आणि १९२७ साली शिवाजी पार्क हे नाव मिळालेल्या या मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. रमाकांत आचरेकर (१९३२-२०१९) यांनी या गर्दीचा शिक्षणासाठी केलेला उपयोग सर्वश्रुत आहे. सरावाच्या शेवटी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकर यांनी आत्मचरित्रात वर्णन केल्यानुसार, त्या वेळी मैदानावरील साठ-सत्तर मुले क्षेत्ररक्षणास उभी असत आणि टिकावयाचे तर प्रत्येक चेंडू जमिनीलगत खेळणे भाग पडे. जाळ्यातील सरावापेक्षा सामन्यांवर आचरेकर यांचा भर असे. विद्यार्थ्याला एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात नेऊन ते फलंदाजीची संधी देत. वेगळी खेळपट्टी, वेगळा गोलंदाज, वेगळी क्षेत्ररचना अशा सततच्या बदलातून निर्णयक्षमता घडत गेली.

या निर्णयक्षमतेचे एक टोक जानेवारी २००४ मध्ये सिडनी येथे दिसले. त्या मालिकेतील आधीच्या डावांत दूर जाणारे चेंडू खेळताना बाद झालेल्या तेंडुलकर यांनी कव्हर ड्राइव्ह हा आपला आवडता फटकाच वर्ज्य केला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. त्यांतील बहुसंख्य धावा लेग साइडला होत्या. वरकरणी हे विरुद्ध क्षेत्रातील फटक्याच्या उलट उदाहरण वाटते. परंतु तत्त्व एकच आहे. फटक्याची दिशा सवयीने न ठरवता निर्णयाने ठरवता येणे, हेच या विद्येचे सार होय. ज्याला दोन्ही दिशा खुल्या असतात, तोच एक दिशा स्वेच्छेने बंद करू शकतो.

कारक अध्ययनाची उपपत्ती

वरील अनुभवाला आधुनिक कारक अध्ययनशास्त्रात आधार सापडतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी सराव म्हणजे ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ असे सूत्र मांडले. तीच हालचाल घोटणे म्हणजे सराव नव्हे, तर तोच प्रश्न बदलत्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा सोडवणे म्हणजे सराव. कार्ल न्यूवेल यांनी १९८६ साली व्यक्ती, परिसर आणि कार्य या तिहेरी बंधनांतून हालचाल आकार घेते असे प्रतिपादन केले. वाडीची भिंत, ओली खेळपट्टी व वाढलेले गवत ही परिसराची बंधने. यष्टीवरचे नाणे व टप्प्याचे नियम ही कार्याची बंधने. मुंबईने ही उपपत्ती वाचून शिक्षण उभारले नव्हते. मात्र तिच्या मैदानांवर ती प्रत्यक्षात वावरत होती.

बेसबॉलच्या शिक्षकाला यातून थेट बोध घेता येतो. विद्यार्थ्याला ‘उजवीकडे मार’ असे सांगितले की तो हातांनी चेंडू ढकलू लागतो, बॅटचा वेग हरवतो आणि चेंडू हवेत उडतो. त्याऐवजी टी-वरील चेंडू होम प्लेटच्या बाहेरील कडेला व अधिक मागे ठेवणे, ओढीच्या क्षेत्रात क्षेत्ररक्षकांची दाटी करून विरुद्ध बाजू मोकळी सोडणे, वेगवान व संथ चेंडू पूर्वसूचनेविना मिसळून टाकणे, या उपायांनी शरीर स्वतःच उशिरा भेटण्याचा मार्ग शोधते. याउलट गोलंदाजी यंत्रावर अतिरिक्त भर देणे हानिकारक ठरू शकते. रॉस पिंडर व सहकाऱ्यांनी २००९ साली विकसनशील क्रिकेटपटूंवर केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष गोलंदाज व यंत्र यांच्यासमोर फलंदाजांच्या हालचालींचा कालक्रम बदलतो असे आढळले. यंत्राला हात व खांदा नसतो. त्यामुळे ज्या खुणांवरून आकलन लवकर होते, त्या खुणा वाचण्याचा सरावच त्यावर होत नाही.

अवकाशाचा प्रश्न

परिस्थिती हीच शिक्षक असेल, तर परिस्थिती नाहीशी झाल्यावर शिक्षणाचे काय होणार, हा प्रश्न अटळ आहे. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी महापालिकेस मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परिणामी गिरणगावाला मिळू शकणारी मैदाने बहुतांशी कागदावरच राहिली. गिरगावातही चाळींच्या जागी इमारती उभ्या राहताना पटांगणाची जागा वाहनतळाने घेतली.

त्यांच्या जागी आलेली जाळीबंद, भाडेतत्त्वावरील कृत्रिम गवताची मैदाने खेळाची हौस भागवतात, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथील पृष्ठभाग सदैव एकसारखा असतो, चेंडू अपेक्षेप्रमाणे उसळतो आणि तासाच्या हिशोबाने जागा घेतलेली असल्याने प्रत्येक चेंडू जोराने मारण्याकडे कल राहतो. तेथे ओढीचा फटका फळतो आणि विलंबाला पारितोषिक नसते. वाडीतल्या मुलाकडून भाडे कोणी मागत नव्हते, हा सामाजिक भेदही दुर्लक्षिता येणार नाही. मोकळ्या जागेचा प्रश्न नगररचनेचा मानला जातो. तो शिक्षणाचाही आहे.

निष्कर्ष

१. विरुद्ध क्षेत्रातील फटका हे प्रामुख्याने वेळेचे कौशल्य आहे. लवकर आकलन आणि उशिरा कृती हे त्याचे दोन आधार होत.

२. हे कौशल्य तोंडी सूचनांपेक्षा योग्य बंधनांतून अधिक स्थिरपणे येते. कांगा लीगच्या खेळपट्ट्या, वाड्यांचे नियम आणि शिवाजी पार्कवरील गर्दी यांनी हे कार्य दीर्घकाळ केले.

३. महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी बेसबॉल, सॉफ्टबॉल व क्रिकेट यांच्या सरावात पृष्ठभाग, वेग व क्षेत्ररचना यांचे वैविध्य हेतुपूर्वक आणावे. त्यासाठी महागडी साधने आवश्यक नाहीत. एक टी, काही जुने चेंडू आणि कल्पक नियम पुरेसे आहेत.

४. नैसर्गिक बंधने पुरवणारी सार्वजनिक मैदाने ही शैक्षणिक साधनसंपत्ती मानून तिच्या रक्षणात महाविद्यालयांनी आपला वाटा उचलावा. ज्या महाविद्यालयांकडे स्वतःचे मैदान आहे, त्यांनी ते सुट्टीच्या दिवशी परिसरातील मुलांसाठी खुले केले, तरी या कार्याचा आरंभ होऊ शकेल.